साहेबांच्या हातात झाडू आल्यावर

1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगातल्या एका राजकीय कैद्याने अधिकाऱ्यांना भलत्याच पेचात टाकलं. कैदी सहसा काम टाळू पाहतात; हा कैदी संडास साफ करण्याचं काम मागत होता. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्याचं नाव. कोकण त्यांना अप्पासाहेब म्हणून ओळखतं, काही जण ‘कोकणचे गांधी’ही म्हणतात. अप्पासाहेब जन्माने ब्राह्मण, आणि तुरुंगाच्या शिरस्त्यात मैलासफाई ठरावीक जातींच्या कैद्यांच्याच वाट्याला यायची. परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी उपवास आरंभला. सरकारकडून आश्वासन आल्यावर तो लगेच सुटला आणि स्वेच्छेने हे काम करू पाहणाऱ्या सवर्ण कैद्यांची वाट मोकळी झाली.

वाट मोकळी झाली ती मागणाऱ्यांची. ज्यांनी कधी मागितलंच नव्हतं आणि तरी ज्यांच्या हाती घमेलं दिलं जात होतं, त्यांची सुटका झाली नाही. जातीवरून काम वाटून देणाऱ्या तरतुदी अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये पुढेही राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या त्या 3 ऑक्टोबर 2024 रोजी. नियमावल्या तीन महिन्यांत सुधारा आणि कैद्यांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश तेव्हा निघाला. मधे 92 वर्षं गेली होती.

वरिष्ठाने हलकं समजलं जाणारं काम स्वतः करून दाखवावं का, हा प्रश्न कचेऱ्यांमध्ये दर 2 ऑक्टोबरला हजेरी लावतो. नवे कोरे झाडू येतात, साहेब पाच मिनिटं अंगण झाडतात, फोटो निघतो. यातला खरा प्रश्न असा, की हा झाडू कुणाला दिसावा म्हणून उचललेला असतो?

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. ते मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे मळके कपडे धुवायचे. तिथे हा धडा पोचण्यासारखा होता, कारण पाहणाऱ्या मुलाला स्वतः झाडू हातात घेता येत होता. कचेरीतल्या शिपायाचं किंवा नगरपरिषदेच्या सफाई कामगाराचं तसं नसतं. पहाटेपासून तो तेच काम करत आलेला असतो. साहेब झाडताना पाहून त्याने नवं काय शिकायचं? त्याला हवे असतात हातमोजे, वेळेवर पगार, आजारपणात रजा. आणि या गोष्टी साहेबांच्या झाडूतून येत नाहीत, त्यांच्या सहीतून येतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे, या कामाला थोर ठरवणाऱ्या विचाराच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा हिशेब मांडणारं त्यांचं पुस्तक 1945 साली आलं. मैलासफाईला पवित्र सेवा म्हणून गौरवण्यावर त्यात त्यांनी कडाडून टीका केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर ते काम लादलं गेलं, त्यांना त्याचं मोठेपण सांगणं म्हणजे तिथेच राहा असं सांगणं. हा आक्षेप आजही तितकाच खरा आहे, आणि तो बाजूला सारून या विषयावर बोलणं अप्रामाणिक ठरेल.

पण अप्पासाहेबांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं, तर त्यांचा झाडू दलितांना धडा देण्यासाठी नव्हता हे ध्यानात येतं. तो सवर्णांच्या डोळ्यांसमोर धरलेला होता. आणि ते नुसत्या झाडूवर थांबलेही नाहीत. 1948 साली त्यांनी कणकवलीला, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातच, गोपुरी आश्रम उभा केला. मेलेल्या जनावरांचं कातडं सोडवण्याचं आणि कमावण्याचं काम तिथे त्यांनी हाती घेतलं. विष्ठेचं सोनखत होईल आणि ताजा मैला कुणाला हातांनी उपसावा लागणार नाही, अशा संडासांची रचना त्यांनी बसवली. ‘गोपुरी संडास’ म्हणून ते ओळखले गेले. ज्याने स्वतः घमेलं उचललंय, त्यालाच ते कुठे सांडतं आणि कशाने टळेल हे नेमकं कळतं. आपण काम करतोय हे दाखवणं मागे पडलं आणि कामच वेगळं करणं पुढे आलं; अप्पासाहेबांचं खरं मोठेपण इथे आहे.

स्वतः काम केल्यावरच काही गोष्टी दिसतात, हे बाबा आमट्यांनीही अनुभवलं. ते वकील होते आणि वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्षही. सफाई कामगारांचा प्रश्न समोर आला, तेव्हा त्यांनी काही महिने स्वतः मैला वाहिला. याच कामात एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला तुळशीराम हा कुष्ठरोगी दिसला. त्याला पाहून ते आधी घाबरून निघून गेले, मग परतले. पुढे कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी उभं केलेलं आनंदवन सर्वांना माहीत आहे. ते पालिकेच्या खुर्चीतच बसून राहिले असते, तर तुळशीराम त्यांना कधीच भेटला नसता.

अलीकडचं उदाहरण सरकारी आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात शौचालयाच्या खड्ड्यात उतरले आणि त्यातलं खत त्यांनी बाहेर काढलं. दोन खड्ड्यांचं शौचालय असेल, तर बंद ठेवलेल्या खड्ड्यात सुमारे वर्षभरात विष्ठेचं वास नसलेलं, कोरडं खत होतं. तरीही खड्डा उपसायला माणसं तयार नव्हती, कारण मनातली जात आणि किळस तंत्रज्ञानाला जुमानत नव्हती. तिथे सचिवाने खड्ड्यात उतरण्याला अर्थ होता. खालचा अधिकारी, ग्रामसेवक, घरमालक यांच्यापैकी आता कुणालाही हे आपलं काम नव्हे असं म्हणायला जागा उरली नाही.

झाडू कुणासाठी उचलला आणि त्यातून काम बदललं का, हा निकष रत्नागिरीतल्या एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला किंवा नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याला लावून पाहता येईल. सफाईच्या पाळीत, कॅमेरा न बोलावता, सलग आठवडाभर पहाटे उभं राहिलं तर त्याला कळेल, की हातमोजे दोनच दिवसांत फाटतात. जेट्टीवरची माशांची घाण आणि बाजारातला ओला-सुका कचरा एकाच गाडीत टाकावा लागतो. बायकांना पाळीदरम्यान जायला शौचालय नसतं. ठेकेदाराच्या वहीतला पगार आणि हातात पडणारा पगार यांत तफावत असते का, हे विचारायचं धाडसही त्या आठवड्यात कुणीतरी करेल. पुढच्या वर्षीच्या निविदेच्या अटी हाच अधिकारी लिहिणार आहे. हातमोजे किती, गाड्या किती, शौचालय कुठे, पगार थेट बँकेत की नाही, हे सगळं त्या कागदावर ठरतं.