साठचे दशक, जोडीने वाचायचे

मराठी कादंबरीचे एखादे दशक मित्राबरोबर वाचून त्यावर बोलायचे ठरवले, तर साठच्या दशकाइतकी वादाला सुपीक दहा वर्षे दुसरी सापडणार नाहीत. १९६२ मध्ये रणजित देसाईंची 'स्वामी', श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' आणि पु. शि. रेगे यांची 'सावित्री' आली. पुढच्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', जयवंत दळवी यांची 'चक्र' आणि मनोहर तल्हार यांची 'माणूस'. मग शंकर पाटलांची 'टारफुला', हमीद दलवाईंची 'इंधन', खानोलकरांच्या 'अजगर' आणि 'कोंडुरा', शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय', मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी'. आणि या सगळ्यांच्या मधून, कोणालाही न विचारता, भाऊ पाध्ये. यंदा त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. शताब्दी म्हटली की प्रतिमेला हार, स्मरणिका आणि परिसंवाद ठरलेले. पाध्यांच्या बाबतीत त्याऐवजी दोघांनी मिळून त्यांचे दशक वाचून काढणे जास्त शोभेल.

हेच दशक पुण्याजवळच्या औद्योगिक भोसरीचेही आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. टेल्को पुण्यात आली १९६६ च्या सुमारास. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली १९७० मध्ये. म्हणजे मराठी कादंबरीने कूस बदलली त्याच वर्षांत पुणे-नाशिक रस्त्यालगतची रानेही प्लॉटच्या आखणीत जाऊ लागली होती. गंमत अशी, की या दोन घडामोडींची एकमेकींशी गाठच पडली नाही. कादंबरीने मुंबईची झोपडपट्टी पाहिली, कोकणातली देवदेवस्की पाहिली, पेशव्यांचा वाडा पाहिला. पण कालपर्यंत औत धरणारा आणि आज शेडमध्ये लेथवर उभा असलेला माणूस त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्यांचा नायक झाला नाही. आज भोसरीत बसून हे दशक वाचताना ही गैरहजेरी सतत जाणवते.

मित्रांच्या गप्पांतून कादंबरीचा विचार बदलणे ही तर या दशकाची स्वतःचीच रीत. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी पन्नासच्या दशकाच्या मध्यावर 'शब्द' नावाचे सायक्लोस्टाइल अनियतकालिक काढले होते. पुढे अशोक शहाण्यांचे 'असो' आणि नेमाड्यांचे 'वाचा' आले. याच शहाण्यांनी १९६३ मध्ये 'मनोहर' मासिकात समकालीन मराठी वाङ्मयावर 'क्ष'-किरण टाकणारा लेख लिहिला आणि प्रस्थापितांची झोप उडवली. प्रकाशक रा. ज. देशमुखांच्या आग्रहावरून नेमाडे गावी जाऊन बसले आणि काही आठवड्यांत 'कोसला' लिहून मोकळे झाले, हेही त्याच काळातले. यातले बहुतेक विशी-पंचविशीचे होते आणि एकमेकांचे पहिले वाचक होते. त्यांची मते टोकाची होती, काही अन्यायकारकही होती. पण एकट्याने वाचणाऱ्याच्या मतांना अशी धार सहसा येत नाही.

दशकाच्या हद्दी आखतानाच पहिला खटका उडतो. १९६० पासून मोजले तर उद्धव शेळके यांची 'धग' आत येते. १९६१ पासून मोजले तर ती कुंपणाबाहेर. वऱ्हाडी बोलीतली, शिंपी कुटुंबातल्या कौतिकची ती कहाणी वगळून हे दशक वाचणे म्हणजे शुद्ध करंटेपणा. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आणि खांडेकरांची 'ययाति' १९५९ च्या, म्हणून त्या हुकतात. दुसऱ्या टोकाला आनंद यादवांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' या दोन्ही १९७१ च्या. यातली 'गोतावळा' हुकणे भोसरीच्या वाचकाला विशेष लागेल. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरांच्या गोतावळ्यात रमलेल्या गड्याचे जगच उठते, ही तिची गोष्ट. यंत्र माणसाच्या दारात येऊन उभे राहिल्याची मराठीतली ही सर्वांत जवळून पाहिलेली कादंबरी, आणि ती एका वर्षाने दशकाबाहेर. अशा वेळी कॅलेंडर गुंडाळून ठेवावे आणि दोन्ही टोकांना एकेक वर्ष पदरचे घालावे.

हद्द ठरली की पुढचा मोह क्रमवारीचा. दशकातल्या सर्वश्रेष्ठ दहा, पहिल्या पाच, अशा याद्यांनी चर्चा अर्ध्या तासात आटपते आणि दोघेही आपापल्या जागी राहतात. त्यापेक्षा एकाच सुमाराच्या दोन कादंबऱ्या समोरासमोर ठेवणे फार फलदायी. 'स्वामी' आणि 'कोसला' ही त्यातली सर्वांत उघड आणि तरीही सर्वांत कमी बोलली गेलेली जोडी. वर्षाभराच्या अंतराने, पुण्याच्या एकाच देशमुख आणि कंपनीने दोन्ही प्रसिद्ध केल्या. दोन्हींचे नायक पोरसवदा. माधवराव पेशवा पानिपताच्या पराभवानंतर सोळाव्या वर्षी गादीवर बसतो आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने जातो. मधल्या अकरा वर्षांत निजाम, हैदर, घरातला काका आणि दौलतीवरचे कर्ज. पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा. खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, मेसचा कारभार अंगावर घेऊन बापाचे पैसे घालवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. (सांगवी म्हटल्यावर भोसरीकराला दापोडीलगतची, पवनेकाठची सांगवी आठवेल, ही ती नव्हे.) एकाच्या खांद्यावर राज्य, दुसऱ्याच्या खांद्यावर काहीच नाही, आणि थकवा मात्र दोघांनाही तेवढाच.

नुकतेच संयुक्त महाराष्ट्राचे राज्य हाती आलेल्या समाजाला कर्तबगार, निःस्पृह आणि अल्पायुषी राज्यकर्ता प्रिय वाटला, यात नवल नाही. 'स्वामी'ला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ऐतिहासिक कादंबरीची जी लाट उसळली, ती 'श्रीमान योगी'पर्यंत आणि त्याही पुढे गेली. 'कोसला'ला मात्र वाचक हळूहळू, हातोहात मिळत गेला. तिच्यातला मनीच्या मृत्यूचा भाग दोघांनी एकत्र वाचण्यासारखा आहे. धाकटी बहीण देवीने जाते आणि भाऊ पुण्यात असतो. तोवर प्रत्येक गोष्टीला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावून टिंगल करणारी भाषा तिथे आपली ढाल टाकते. राग आईबापांवर, घरावर, जन्मावरच वळतो आणि वाक्ये एकमेकांवर आदळू लागतात. 'स्वामी'त थेऊरचे अखेरचे दिवस आणि रमाबाईंचे सती जाणे आहे. तिथला शोक वाड्यातला, अदबीचा, वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी नीट मांडलेला. ही दोन मरणे लागोपाठ वाचली की कादंबरीत भाषा काय करते, हे कुठल्याही समीक्षाग्रंथाविना कळते. स्पष्टच सांगायचे तर 'स्वामी'तले मरण देखणे आहे आणि 'कोसला'तले खरे.

दुसरी जोडी १९६७ ची: 'मृत्युंजय' आणि पाध्यांची 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर'. पहिली कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून कर्णाला थोरवी देते. दुसरी एका सुशिक्षित, सधन माणसाची थोरवी पदर-पदर उसवत नेते. 'मृत्युंजय' आज घरोघरी आहे, लग्नात-वाढदिवसाला भेट म्हणून दिली जाते. दुसरी कोणी कोणाला भेट दिल्याचे सहसा ऐकिवात नाही. 

पाध्यांकडे जरा जास्त वेळ थांबायला हवे. कामगार चळवळ, शिक्षकी, आयुर्विमा महामंडळातली नोकरी, 'नवशक्ती'तली पत्रकारिता असे उन्हाळे-पावसाळे पाहिलेला हा लेखक. 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) ही त्यांची पहिली कादंबरी कामगार चळवळीतूनच आलेली. लेथवरच्या माणसाच्या जवळपास या दशकात कोणी पोचले असेल तर ते पाध्येच. 'वासूनाका' (१९६५) वर आचार्य अत्रे तुटून पडले आणि अश्लीलतेचा डाग पुस्तकाला कायमचा चिकटला. आज ते वाचताना शिव्यांनी कोणी दचकणार नाही. दचकायला होते ते नाक्यावरच्या पोरांच्या नजरेने, आणि लेखक त्या नजरेला कुठेही दटावत नाही याने. हा लेखकाचा प्रामाणिकपणा की बेफिकिरी, यावर दोन मित्रांचे, आणि त्यातली एक मैत्रीण असेल तर नक्कीच, एकमत होणार नाही. व्हायची गरजही नाही.

पण भोसरीसाठी पाध्यांची कादंबरी निवडायची तर 'वैतागवाडी' (१९६४). मुंबईत राहायला जागा मिळत नाही, एवढाच तिचा विषय. पागडी, पोटभाडेकरू, नातेवाइकांकडचा आश्रय, दर वेळी थोडा आणखी कमी होत जाणारा स्वाभिमान. ज्याने लांडेवाडीपासून इंद्रायणीनगरपर्यंत खोली शोधत पायपीट केली आहे, 'बॅचलर नको' हे दारातूनच ऐकले आहे, डिपॉझिट जमेपर्यंत तीन शिफ्टच्या पोरांत कॉट बेसिसवर दिवस काढले आहेत, त्याला या कादंबरीला प्रस्तावना लागणार नाही. बातमीदारासारखी सपाट, घाईची, मुंबईची हिंदी-इंग्रजी सहज पोटात घेणारी पाध्यांची मराठी शॉप फ्लोअरवरच्या आजच्या मराठीला जितकी जवळची आहे, तितकी त्या दशकातल्या दुसऱ्या कोणाचीही नाही. नेमाड्यांनी पाध्यांचे मोठेपण वेळेवर ओळखले; वाचनालयांनी ते अजून नीट ओळखलेले नाही.

इथे भोसरीचा एक फायदा आहे, जो सदाशिव पेठेलाही नाही. एकाच सोसायटीत, एकाच बसमध्ये जळगावचा, लातूरचा, अमरावतीचा आणि चिपळूणचा माणूस भेटतो. 'धग'ची वऱ्हाडी अमरावतीवाल्याने मोठ्याने वाचून दाखवावी, 'कोसला'तला गावाकडचा भाग खानदेशी माणसाने, 'रथचक्र' कोकणातल्याने. बोलीत लिहिलेली कादंबरी डोळ्यांनी वाचताना जिथे अडते, तिथे कानाने ऐकताना वाहू लागते. 'इंधन'ही अशीच ऐकावी. कोकणातल्या गावात हिंदू-मुसलमान ताण कसा पेटतो, हे गावाच्या आतून सांगणारी दलवाईंची ही कादंबरी पुढे चित्र्यांनी इंग्रजीत नेली. मराठी वाचकांच्या गप्पांत मात्र तिचे नाव सगळ्यांत शेवटी निघते, आणि हे काही भूषणावह नाही.

शेजारच्या भाषाही याच दशकात जाग्या होत्या. कन्नडमध्ये अनंतमूर्तींची 'संस्कार' १९६५ ची, हिंदीत श्रीलाल शुक्लांची 'राग दरबारी' १९६८ ची, मल्याळममध्ये ओ. व्ही. विजयन यांची 'खसाक्किंते इतिहासम्' १९६९ ची. 'टारफुला'शेजारी 'राग दरबारी' ठेवली की गावातली सत्ता मराठीत धाकाने आणि हिंदीत हशाने कशी दिसते, ते कळते. चाकण पट्ट्यात उत्तर प्रदेशातून आलेले सहकारी कमी नाहीत. या जोडीसाठी त्यांच्यातलाच एखादा मित्र गाठावा.

पुस्तके मिळवणे अवघड नाही. नाशिक फाट्यावरच्या स्थानकाला मेट्रोने सुरुवातीला भोसरीचे नाव दिले होते (भोसरीपासून ते किती लांब, हे भोसरीकरांना सांगायला नको). तिथून कसबा पेठ गाठले की अप्पा बळवंत चौक चालत जाण्याच्या अंतरावर. 'स्वामी', 'मृत्युंजय', 'कोसला' कोणत्याही दुकानात मिळतील. पाध्यांसाठी जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत हात घालावा लागेल. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, तेव्हा बैठकही गुरुवारीच ठेवावी. एका बैठकीला एकच जोडी घ्यावी, आणि ज्याला 'स्वामी' आवडते त्याने 'वैतागवाडी'ची बाजू मांडावी, ज्याला पाध्ये आवडतात त्याने 'स्वामी'ची.