मिक्सर चालवणारं ॲप बनवायचंय? आधी हे चार मुद्दे बघा

दशावतार असो, डबलबारी असो की लग्नाचा हॉल, साऊंडवाला एका जागी बसून राहिला तर मागच्या रांगेत काय ऐकू येतंय ते त्याला कळत नाही. म्हणून डिजिटल मिक्सर आणि हातात टॅबलेट. अशा मिक्सरसाठी स्वतःचं ॲप बनवू पाहणाऱ्यांसाठी व्हिडिओतले मुद्दे इथे सविस्तर देतोय.

१. ॲपमधून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातो

बेहरिंगरचा एक्सआर१८ घ्या. ‘पहिल्या चॅनलचा फेडर ०.७५ वर ने’ असा छोटा संदेश ओएससी पद्धतीने, यूडीपीवरून, १००२४ या पोर्टवर जातो. यूडीपीमध्ये पोचपावती नसते. संदेश वाटेत हरवला तर स्क्रीनवर माईक बंद दिसेल आणि प्रत्यक्षात चालूच असेल! म्हणून हुकूम पाठवला की मिक्सरला पुन्हा विचारा आणि तो सांगेल तेच स्क्रीनवर दाखवा. दुसऱ्या टॅबलेटवरून झालेले बदल कळायला हवेत तर ‘मला कळवत राहा’ ही विनंती दर दहा सेकंदांच्या आत पुन्हा पाठवावी लागते.

२. प्लॅटफॉर्म कुठला?

साऊंडक्राफ्टच्या यूआय मालिकेत मिक्सरच वेबपेज देतो. ब्राउझर उघडा, काम सुरू. पण साधं वेबपेज थेट यूडीपी पाठवू शकत नाही, त्यामुळे एक्सआर१८ साठी खरं ॲपच लागतं. फ्लटरमध्ये बहुतेक कोड एकदाच लिहून अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे नेता येतो.

३. अडचणी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या

- अँड्रॉइड: मिक्सरच्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून फोन मोबाईल डेटाकडे वळतो. ॲपचं कनेक्शन वायफायलाच बांधून ठेवा.
- आयफोन, आयपॅड: २०२० च्या आयओएस १४ पासून लोकल नेटवर्कची परवानगी लागते. ‘नको’ दाबलं की मिक्सर सापडत नाही.
- विंडोज: फायरवॉल तपासा.
- सगळीकडे: स्क्रीन लॉक होऊन उघडली की सगळी मूल्यं नव्याने वाचा.

४. आता धंद्याचं बोलू

गुगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर, वर मॅकची सोय. कंपन्यांची ॲप फुकट मिळतात आणि ‘मिक्सिंग स्टेशन’सारखं ॲप पाचही प्लॅटफॉर्मवर आधीच आहे. त्यांच्याशी टक्कर घेऊ नका. पेटी, मृदंग, झांज, पात्रांचे माईक एवढेच मोठे फेडर, मराठी नावं आणि ठळक म्यूट बटण, असं छोटं ॲप आधी फक्त अँड्रॉइडवर काढा. ओळखीच्या दोन साऊंडवाल्यांना वापरायला द्या. ते पैसे मोजायला तयार झाले तरच आयफोनकडे वळा.

आणि हो, चाचणी रिकाम्या मंडपात घेऊन समाधान मानू नका. जत्रेत शेकडो फोन आले की २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी होते. मिक्सरला वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राऊटर जोडा आणि लॅपटॉप केबलने तयार ठेवा.

तुमच्याकडे कुठला मिक्सर आहे, व्हिडिओखाली नक्की लिहा!