घरी बांधलेले विमान आणि जोखमीची मालकी

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी सायंकाळी अमेरिकेतील मॉन्टेरे येथील विमानतळावरून एक लहानसे विमान उडाले आणि थोड्याच वेळात नजीकच्या उपसागरात कोसळले. विमानात एकटाच असलेला वैमानिक म्हणजे प्रख्यात गायक जॉन डेन्व्हर. साहजिकच जगभर बातमी झाली ती गायकाच्या मृत्यूची. त्या विमानाची कथा मात्र चौकशी अहवालाच्या पानांत राहिली. वस्तुतः विचार व्हावयास हवा तो त्या कथेचा.

हे विमान कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. बर्ट रुटान या कल्पक अभियंत्याने आखलेल्या 'लाँग-ईझी' या विमानाचे नकाशे घेऊन एका हौशी गृहस्थाने ते स्वतः बांधले होते. मोटारसायकलला पेट्रोलचा कॉक असतो, तसा एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळविण्याचा कॉक या विमानालाही असतो. मूळ नकाशांप्रमाणे तो वैमानिकाच्या पुढ्यात, पायांच्या मध्ये असावयास हवा. इंधनाच्या नळ्या माणसाच्या बैठकीपाशी आणणे बांधणाऱ्याला धोक्याचे वाटले. म्हणून त्याने कॉकची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली. हेतू सुरक्षिततेचाच होता. पुढे विमान विकले गेले आणि हस्तांतरित होत होत डेन्व्हरकडे आले. मूठ हाताला नीट येत नाही हे त्या दिवशी उड्डाणापूर्वीच त्याच्या लक्षात आले होते. टाकीत इंधन बेताचेच होते. हवेत असताना टाकी बदलण्यासाठी मागे वळावे, तर शरीराच्या पिळाबरोबर उजवा पाय सुकाणूच्या पेडलवर दाबला जावा, अशी त्या बैठकीची रचना झालेली होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाचे लक्ष विचलित होणे आणि अनवधानाने सुकाणू दाबले जाणे हे अपघाताचे कारण मानले. पण इंधनाच्या नियोजनातील हयगय, या जातीच्या विमानाचा अपुरा सराव आणि बांधणाऱ्याने केलेला तो फेरफार यांनाही त्यात वाटेकरी धरले.

ज्याने फेरफार केला त्याला त्याचे कारण माहीत होते. ज्याला त्याची किंमत मोजावी लागली त्याने तो निर्णय घेतलेला नव्हता. घरी बांधलेल्या विमानांचा खरा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे. अशी विमाने असावीत की नसावीत, हा वाद त्यामानाने गौण होय.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत बराच उदार आहे. विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केले असेल, तर त्या विमानाला 'प्रायोगिक' या वर्गात परवाना मिळतो. कारखान्यातील विमानाला जे खर्चिक प्रमाणीकरण अनिवार्य असते, त्यातून त्याची सुटका होते. त्या बदल्यात काही बंधने येतात. प्रारंभीचे पंचवीस किंवा चाळीस तास ठरावीक क्षेत्रात चाचणी उड्डाणे करावी लागतात. भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. जो बांधतो त्याला त्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळतो. मात्र विमान विकले की तो दाखला नव्या मालकाकडे जात नाही.

यामागील तर्क अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. ग्राहकाला वस्तूचे अंतरंग ठाऊक नसते, उत्पादकाला असते. म्हणून राज्यसंस्थेने मध्ये पडून ग्राहकाच्या वतीने तपासणी करावी, हे नियंत्रणाचे प्रमुख समर्थन. पण जेथे उत्पादक आणि ग्राहक एकच, तेथे हे समर्थन लंगडे पडते. स्वतःच ठोकलेल्या रिवेटवर जो स्वतःचा जीव टांगतो, त्याला दर्जाविषयी सरकारी निरीक्षकाहून अधिक कळकळ असणार, असे कायद्याने गृहीत धरले आहे.

ही कळकळ किती श्रमांत उतरते हे पाहण्यासारखे आहे. ओरेगॉन राज्यातील रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'आरव्ही' या विमानांचे संच विकावयास सुरुवात केली. आजवर अशी अकरा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. हा संच लाकडी खोक्यांतून घरी येतो. प्रथम शेपटीचे भाग, मग पंख, मग धड, असा क्रम. आधी शेपटी घेण्यात एक व्यावहारिक शहाणपण आहे. हे काम आपल्याच्याने होणारे नाही असे ध्यानात आले तर नुकसान थोडक्यात आटोपते. ॲल्युमिनियमचा पत्रा छिद्रे जुळवून तात्पुरत्या खिट्यांनी धरावयाचा, छिद्रांच्या कडा घासून गुळगुळीत करावयाच्या, मग एकाने हवेच्या दाबावरील हातोडा चालवावयाचा आणि दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा धरावयाचा. ठोकळा धरणारे बहुधा घरातलेच कोणीतरी असते. अशा हजारो रिवेट. दीड ते दोन हजार तासांचे हे काम नोकरी सांभाळून करणाऱ्याला कित्येक वर्षे पुरते. या तासांची मजुरी बाजारभावाने लावली तर विमान मुळीच स्वस्त पडत नाही. पण गोधडी शिवणारी आजी टाक्यांची मजुरी कोठे लावते? खर्च आणि उपभोग यांची सीमारेषाच येथे पुसली जाते.

रुटानची पद्धत याहून निराळी होती. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापावयाचे आणि त्यांवर राळेत भिजविलेले काचतंतूंचे कापड थरावर थर चढवावयाचे. साचा नको, अवजड यंत्रे नकोत. हे तंत्र पोरखेळ नव्हते. डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारे 'व्हॉयेजर' हे याच रुटानच्या कल्पनेतून उतरले होते.

या हौसेला बाजारपेठेचे बळ कसे मिळाले, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील लहान विमानांचे कारखाने १९७८ मध्ये एकूण १७,८११ विमाने तयार करीत होते. १९९४ मध्ये ती संख्या ९२८ वर आली. सेसना कंपनीने १९८६ मध्ये एक इंजिनाच्या लहान विमानांचे उत्पादनच थांबविले. अपघातांनंतर भरपाईच्या दाव्यांचा बोजा असह्य झाल्याची कारखानदारांची तक्रार होती. तीत तथ्य होते. परंतु तेजीच्या काळात विकल्या गेलेल्या जुन्या विमानांचा प्रचंड साठा, मंदी आणि व्याजाचे चढे दर यांचा वाटाही दृष्टिआड करता येणार नाही. कसेही असो, नवे विमान सामान्य उत्पन्नाच्या वैमानिकाच्या आवाक्याबाहेर गेले आणि तो संचाकडे वळला. संचाच्या व्यवहारात 'उत्पादक' म्हणून कागदावर नाव लागते ते बांधणाऱ्याचे. जी जबाबदारी कंपन्यांना पेलवेना ती अशा रीतीने ग्राहकाच्या गॅरेजमध्ये पोहोचती झाली. स्वतः रुटानने १९८५ मध्ये नकाशे विकणे बंद केले, त्यामागेही दाव्यांची धास्ती होतीच. दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या बांधणीची हमी तो कशी देणार?

संचविक्रेत्यांकडून ग्राहकाची फसगत होत नाही असे मात्र नव्हे. जिम बीड यांच्या 'बीडी-५' या चिमुकल्या, देखण्या विमानाचे पाच हजारांहून अधिक संच सत्तरीच्या दशकात विकले गेले. पुढे इंजिन पुरविणारी जर्मन कंपनी बुडाली आणि १९७९ मध्ये बीड यांची कंपनीही दिवाळखोरीत गेली. हजारो लोकांच्या गॅरेजांत इंजिनावाचून सांगाडे उरले. काहींनी ते तसेच ठेवून दिले. काहींनी मिळेल ते इंजिन बसविले. येथे फेरफार हा हौसेचा भाग राहिला नाही. गुंतलेला पैसा सोडविण्याची ती धडपड होती. या विमानाची अपघातांबाबतची अपकीर्ती सर्वश्रुत आहे. अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या प्रतिष्ठित कंपनीलाही न्यायालयाकडे संरक्षण मागावे लागले. वाढती मागणी पुरविण्यासाठी लेसरने कापून घेतलेल्या पत्र्यांत रिवेटच्या छिद्रांपाशी चिरा जाऊ लागल्या, भाग बदलून देण्याचा खर्च वाढला, आणि अखेर जुन्या ग्राहकांपुढे वाढीव किमतीचा पर्याय ठेवण्यात आला. २०२४ मध्ये कंपनी सावरली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या चिरा बांधणाऱ्यांच्या डोळ्यांना दिसत होत्या. तयार विमान घेणाऱ्याला पत्र्याआडचे छिद्र कधी दिसतच नाही.

फेरफाराच्या बाबतीत गणित अधिक बिकट होते. विमानात एक गोष्ट बदलली की आणखी दोन बदलतात. प्रमाणित इंजिन महाग म्हणून कोणी मोटारीचे बसवितो. ते पंख्याच्या मानाने फार वेगाने फिरते, म्हणून मध्ये गती कमी करणारी दातेरी चाके घालावी लागतात. पाण्याने थंड होणारे इंजिन म्हणून रेडिएटर येतो. वजन वाढते आणि विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो. यातील प्रत्येक पायरी त्या माणसाला समजलेली असू शकते. त्याच्या वहीत तिची नोंद असेलच असे नाही, आणि खरेदीदाराला ती वही मिळेलच असेही नाही. अमेरिकेतील हौशी बांधणाऱ्यांच्या संघटनेचे अनुभवी स्वयंसेवक काम चालू असताना घरी येऊन पाहणी करतात, ही प्रथा स्तुत्य होय. पण ती ऐच्छिक आहे आणि विक्रीच्या वेळी तेथे कोणी हजर नसते.

वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी व लहान विमानांच्या ताफ्यात हौशी बांधणीचे प्रमाण सुमारे एक-दशांश. २०११ मधील अपघातांत मात्र ते सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के आढळले. एवढ्यावरून बंदीची मागणी करणारे करतीलही. परंतु त्याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक बोलके आहे. त्या वर्षीच्या या वर्गातील निम्म्याहून अधिक अपघात वापरलेली, म्हणजे दुसऱ्याने बांधलेली, विमाने घेणाऱ्यांचे होते. नव्या मालकाने विमान घेतल्यावरच्या पहिल्याच उड्डाणात कोसळल्याचीही उदाहरणे त्यांत आहेत. जोखीम पत्करणारा आणि जोखीम भोगणारा एकच, हे गृहीतक ज्या दिवशी विमान विकले जाते त्या दिवशी संपुष्टात येते. सवलत मात्र पुढे चालू राहते. कायद्यातील खरी फट ही आहे.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वेषात समोर येतो. बंगळूरच्या राज हंस कारखान्यात तयार झालेले 'एक्स-एअर' या हलक्या विमानांचे संच ब्रिटनमधील हौशी लोकांनी आवडीने जोडले. म्हणजे संच निर्यात करण्याइतके कसब येथे होतेच. स्वतः विमान बांधणाऱ्याची वाट मात्र खडतर. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते संचातून जोडलेले नव्हते, त्याची आखणीही त्यांचीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची अनुज्ञा मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेले. लोकांनी विमान पाहिल्यापासून ते उडेपर्यंत साडेचार वर्षे गेली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, पालघर येथे विमाननिर्मितीसाठी राज्य सरकारशी ३५ हजार कोटी रुपयांचा करारही होऊन गेला. गच्चीवरील एका विमानाला उडण्याची मुभा नाही, आणि त्याच वेळी त्याच्या बळावर हजारो कोटींच्या कारखान्याची घोषणा! हौशी बांधणीचे अर्थकारण या दोन्ही टोकांत बसत नाही. ते कारखानदारीचे बीज असू शकेल. पण तेवढ्यासाठीच तिला परवानगी द्यावी असे नाही. हाताने काम करणारा, चूक झाली तर पत्रा फेकून पुन्हा कापणारा माणूस समाजात असणे ही स्वतंत्र मोलाची गोष्ट आहे.

१९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्याखाली नियम घडविताना अमेरिकेची सवलत जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही, आणि संशयाने हात आखडण्याचेही नाही. बांधणाऱ्याला त्याच्या जोखमीवर, वस्तीपासून दूर, ठरावीक मुदतीत चाचणीची अनुज्ञा मिळावी. अर्ज किती दिवसांत निकालात काढावयाचा हे नियमातच लिहिलेले असावे. मूळ आराखड्यापासून जेथे जेथे फारकत घेतली तेथे ती का घेतली, हे विमानाबरोबर राहणाऱ्या वहीत नोंदविणे बंधनकारक असावे. आणि विक्रीच्या वेळी स्वतंत्र अभियंत्याने ती वही घेऊन विमान तपासावे, नव्या मालकाला ओळीने प्रत्येक फेरफार दाखवावा, त्याने आसनावर बसून, पट्टे बांधून, प्रत्येक कळीला आणि कॉकला हात पोहोचतो की नाही हे अजमावावे, आणि मगच नाव बदलून मिळावे. या तपासणीला फार तर एक दिवस लागेल.