जुन्या जीपची उंची कमी खर्चात कशी वाढवावी?

महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग) असल्याने उंची वाढवणे तुलनेने स्वस्त पडते. पण आधी जुने पाटे तपासा. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ते बसतात. पाटेवाल्याकडून पुन्हा कमान भरून घेतली, झिजलेले बुश बदलले, की गेलेली उंची बऱ्याच अंशी परत मिळते.

दुसरा उपाय लांब शॅकलचा, म्हणजे पाट्याचे एक टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचा. ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असतो, म्हणून शॅकल २ इंच लांब केली तर गाडी जेमतेम १ इंच उचलते. या जीपमध्ये पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ती लांबवली की ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि वेगात गाडी सरळ धरत नाही. म्हणून इथे हाव नको.

मूळ पाटे ॲक्सलखाली असतात. ते वर बसवले तर उंची भरपूर वाढते. पण त्यासाठी वेल्डिंग करावे लागते आणि स्टिअरिंगच्या जोडण्या, प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि ब्रेकचे होज हे सगळेच बदलावे लागते. तेव्हा काम स्वस्त राहत नाही.

पाटे कितीही उचला, डिफरन्शियल जमिनीपासून तेवढेच राहते. ते फक्त मोठ्या टायरने वर जाते. उंच गाडी वळणावर लवकर कलंडते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा बदलांवर निर्बंध आहेत, त्यामुळे आरटीओत आधी चौकशी करावी.