कॅसेटी पोरांना द्यायच्या का?

दोंडाईच्यात नव्वदीत आपण ज्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या 1983 च्या फॅमिकॉमची नक्कल असे. त्यामुळे त्या कॅसेटींना मोठा भाव येईल ही आशा सोडा. पोरांना जरूर द्या, पण चालू स्थितीत. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, खान्देशातला मे महिना प्लास्टिकला सोसत नाही. कॅसेट फुंकू नका, ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बदकं मारायच्या खेळाची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही, तिला जुना डबा टीव्हीच लागतो. तो भंगारात गेला असेल तर बंदूक फक्त शोभेची! आणि सगळं एकदम देऊ नका. आधी कॉन्ट्रा हा खेळ, दोघांनी मिळून. रस दिसला तरच पूर्ण खोकं त्यांना द्या, नाहीतर खेळणाऱ्या दुसऱ्या कुणाला.