डिचोलीहून रोमला : एक पत्रस्नेह

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मंडळींना पत्राचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु ज्याचे उत्तर यावयास वर्षाहून अधिक काळ लागे, अशा पत्रांवर विसंबून राहिलेल्या एका गोमंतकीयाची आठवण आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मातेउस द कास्त्रो हे दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातील. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरूची दीक्षा नाकारली, तेव्हा १६२५ मध्ये त्यांनी थेट रोम गाठले. तेथे त्यांना फ्रांचेस्को इंगोली यांचा आधार लाभला. १६२२ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोपागांडा फिदे’ या धर्मप्रसारमंडळाचे हे पहिले चिटणीस. ज्या देशात धर्म रुजवावयाचा, तेथलेच धर्मगुरू हवेत, अशी त्यांची दृढ धारणा होती.

मातेउस यांना रोममध्ये दीक्षा मिळाली आणि १६३७ मध्ये ते बिशप झाले. परंतु पूर्वेकडील चर्चवर आपला हक्क सांगणाऱ्या पोर्तुगीजांनी गोव्यात त्यांचा अधिकार मानला नाही. तेव्हा ते आदिलशाही मुलखातील डिचोलीस जाऊन राहिले. डिचोली आणि पेडणे हे प्रदेश पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. डिचोलीत त्यांनी चर्च उभारले, देशी तरुणांना दीक्षा दिली आणि आपली गाऱ्हाणी रोमला लिहून कळविली. तिकडे इंगोली त्यांची बाजू मांडीत राहिले.

या स्नेहाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. रोमचा शब्द गोव्यात चालत नव्हता. कागद धीर देई. पण दार उघडीत नसे. १६४९ मध्ये इंगोली निवर्तले. पुढे १६५३ मध्ये मातेउस यांनी गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांसाठी ‘ब्राह्मणांचा आरसा’ लिहिला, त्यात पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांविषयीची त्यांची कटुता उघड दिसते. अखेर रोममध्येच त्यांनी देह ठेवला.

तथापि १६५९ मध्ये त्याच मंडळाने आपल्या मिशनऱ्यांना आज्ञा दिली : देशी धर्मगुरू तयार करा, लोकांच्या चालीरीती मोडू नका. इंगोली ती पाहावयास उरले नव्हते. पत्र लिहिणाऱ्याच्या हयातीत प्रत्येक पत्राचे उत्तर येतेच असे नाही. म्हणून ते लिहिणे वाया गेले, असे मात्र आम्हांस वाटत नाही.