तारांना कुलूप घालणारा 'फ्लॉइड रोझ' गिटारवादकांची डोकेदुखी का ठरतो?

रीलमध्ये गिटारवादक एक धातूची दांडी खाली दाबतो, सूर विमान कोसळावं तसा खोल जातो आणि दांडी सोडताच तारा पुन्हा अचूक सुरात येतात. या करामतीमागे अनेकदा 'फ्लॉइड रोझ' ही ट्रेमोलो यंत्रणा असते. अमेरिकी वादक फ्लॉइड रोझ यांनी ती १९७०च्या दशकात घडवली. १९७९ साली तिला पेटंट मिळालं. पुढे एडी व्हॅन हेलनसारख्यांमुळे ती मेटल वादकांची ओळखच बनली. पण पहिलीच इलेक्ट्रिक गिटार अशी घ्यायची असेल, तर आधी तिचे नखरे समजून घेतलेले बरे.

(खरं तर 'ट्रेमोलो' हे नावच चुकीचं आहे. ट्रेमोलोत आवाज लहान-मोठा होतो. दांडीने बदलते ती सुराची उंची, म्हणजे व्हायब्रॅटो. लिओ फेंडर यांनी १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरसाठी हे नाव वापरलं आणि तेच रूढ झालं.)

कुलूप कशासाठी?

जुन्या पद्धतीत दांडी दाबली की तारा खुंट्यांजवळच्या 'नट'च्या खाचांत सरकायच्या आणि नेमक्या जागी परतायच्या नाहीत. रोझ यांनी तारा नटपाशी आणि ब्रिजपाशी, दोन्हीकडे घट्ट आवळल्या. सरकणंच बंद!

मग बिघडतं कुठे?

ब्रिज, म्हणजे आपल्या सतारीची घोडी, इथे पक्की बसवलेली नसते. ती दोन खिळ्यांवर धारेने टेकलेली असते. एका बाजूने सहा तारा तिला ओढतात, दुसऱ्या बाजूने गिटारच्या पोटातल्या स्प्रिंग. तराजूच म्हणा ना. एक तार तुटली की स्प्रिंगचं पारडं जड होतं, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा चढ्या होतात. साध्या गिटारवर पाच तारांवर गाणं कसंबसं निभावता येतं. इथे मंचावर दुसरी गिटार तयार लागते.

सूर लावतानाही तेच. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, त्या चढवल्या की पहिली उतरते. एका तारेचा बेंड घेताना सोबत वाजणारी तार बेसूर होते. तळवा ब्रिजवर जरा जोरात टेकला तरी सूर हलतो. जाडी बदलून तारा घेतल्या, तर स्प्रिंगचे स्क्रूही नव्याने जुळवावे लागतात.

तार बदलण्यासाठी ॲलन की हवी, तारेच्या टोकाचा मणी कापायला पक्कड हवी. नटचं कुलूप आवळताना सूर थोडा हलतोच. सुरुवातीच्या रचनेत तो दुरुस्त करायला कुलूप पुन्हा उघडावं लागे. म्हणून नंतर ब्रिजवर बारीक सूर लावणारे स्क्रू आले. सहाही तारा एकदम काढण्याऐवजी एकेक बदलली, तर तोल फारसा ढळत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे स्वस्त नकला. मऊ धातूची धार झिजते, ब्रिज जागेवर परतत नाही आणि ज्या अचूक सुरासाठी एवढा खटाटोप केला, तोच हातून जातो. त्या किमतीत स्थिर ब्रिजची गिटार केव्हाही परवडली.

आधीच घेऊन झाली असेल, तर लाकडी ठोकळा बसवून ब्रिजचं मागे झुकणं रोखता येतं. दांडी मग फक्त खालीच दबते, पण तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात.